शाळेच्या क्रॉस कंट्री टीमचं कोचिंग आणि स्वतःची मॅरेथॉन: दोन्ही कसं जमवायचं?

तुमचा प्रश्न आधी सगळ्यांसाठी थोडक्यात मांडतो. वय ४२, घर शिकागोच्या पश्चिम उपनगरात. मुलगा यंदा हायस्कूलच्या पहिल्या वर्षात जातोय आणि त्याच्याच शाळेच्या हेड कोचनी तुम्हाला क्रॉस कंट्रीची (गवत-मैदानांवरच्या लांब शर्यतींची) असिस्टंट कोच व्हाल का, असं विचारलंय. आजवरची सर्वांत चांगली मॅरेथॉन ३ तास ४१ मिनिटांची. ऑक्टोबरच्या शिकागो मॅरेथॉनमध्ये ३:३० करून बॉस्टन मॅरेथॉनला पात्र व्हायचंय. काम घरून आहे, दुपारी तीननंतर मोकळीक मिळते. आणि तुमचं वाक्य असं: 'रोज मुलांबरोबर धावणं होणारच आहे, मग तोच माझा सराव धरला तर चालेल का?'

वेळेची काळजी तुम्हाला जास्त वाटतेय, पण वेळ निघेल. घोटाळा त्या शेवटच्या वाक्यात आहे. मुलांचा सराव आणि तुमचा सराव एकाच दोन तासांत उरकता येईल या हिशेबावर जे कोच हंगाम सुरू करतात, त्यांचे सप्टेंबरअखेरपर्यंत पाय तरी दुखावतात किंवा मुलांकडे दुर्लक्ष तरी होतं. बऱ्याचदा दोन्ही. कारण आकड्यांतच दिसतं.

३:४१ म्हणजे मैलाला साधारण ८ मिनिटं २६ सेकंद (८:२६). या घडीला तुमचा इझी पेस, म्हणजे गप्पा मारत धावता येईल असा वेग, ९:३० ते १०:१५ च्या दरम्यान असायला हवा आणि थ्रेशोल्ड, म्हणजे तासभर जेमतेम टिकवता येईल असा वेग, ७:५० च्या आसपास. आता टीमकडे बघा. इलिनॉयमध्ये हायस्कूलची शर्यत ५ किलोमीटरची नसते, सरळ ३ मैलांची असते. तीन मैल १७:०० मध्ये धावणारा व्हर्सिटीचा, म्हणजे शाळेच्या पहिल्या फळीतला, मुलगा इझी धावतो तो ७:१५ ते ८:०० ने. तो तुमचा थ्रेशोल्ड झाला. १९:३० ची व्हर्सिटी मुलगी इझी धावते ८:१५ ते ९:०० ने. तो तुमचा मॅरेथॉन पेस. म्हणजे त्यांच्या आरामाच्या दिवशी त्यांच्या गप्पांत सामील व्हायला गेलात की तुमचा कठीण दिवस होणार, आणि तोही आठवड्यातून तीन-चारदा. रोजच 'मध्यम कठीण' धावणाऱ्याचं शरीर ना धड सावरतं ना धड सुधारतं. ३:४१ ची ३:३० व्हायची तर सोपे दिवस खरोखर सोपे हवेत. ते एकदा जमलं की बाकीचं बसवता येतं.

उलट जेव्हीच्या, म्हणजे दुसऱ्या फळीतल्या, २२:०० च्या मुलींचा इझी ९:१० ते ९:५० आणि नवख्या २४:०० वाल्यांचा ९:४५ ते १०:३०. हे गट तुमच्यासाठी अगदी बरोबर आहेत. म्हणून पहिला नियम: मुलांबरोबर फक्त इझी रन करायची, आणि ती मागच्या गटांबरोबर.

यात टीमचाही फायदा आहे, आणि तो मनापासून समजून घेण्यासारखा आहे. क्रॉस कंट्रीत सात जण धावतात, पहिल्या पाचांच्या क्रमांकांची बेरीज होते आणि सर्वांत कमी बेरीज जिंकते. सहावा-सातवा गुण देत नाही, पण समोरच्या टीमच्या पाचव्याच्या पुढे आला तर त्यांची बेरीज वाढवतो. तुमचा पहिला धावपटू पाचव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर आला तर दोन गुण वाचले. पाचवा धावपटू साठाव्यावरून पंचेचाळिसाव्यावर आला तर पंधरा वाचले. हेड कोचचं लक्ष साहजिकच पुढच्या तिघांवर असतं. पुढच्या वर्षीचा पाचवा-सहावा आज जेव्हीत मागे धावतोय, आणि त्याच्या शेजारी कुणी मोठं माणूस नसतं. तिथे तुम्ही हव्यात. याच उपनगरांत, एल्महर्स्टच्या यॉर्क हायस्कूलमध्ये, कोच जो न्यूटन यांनी राज्याची २८ विजेतेपदं मिळवली ती भल्यामोठ्या टीममधून. मागच्या मुलालाही आपण मोजले जातो असं वाटलं तरच एवढी मुलं टिकतात.

आता कॅलेंडर. इथे मी स्पष्टच सांगतो: यंदाची शिकागो वेळेसाठी धावू नका.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास अधिकृत सराव सुरू होतो. ऑगस्टअखेर पहिल्या मीट, म्हणजे शाळाशाळांमधल्या शर्यती. सप्टेंबरभर शनिवारी इन्व्हिटेशनल, म्हणजे अनेक शाळांच्या मोठ्या मीट, आणि मध्येच एखाद्या आठवड्यात मंगळवारी किंवा गुरुवारी शेजारच्या शाळेशी लहान मीट. ऑक्टोबरच्या मध्याला कॉन्फरन्स, म्हणजे आपल्या गटातल्या शाळांची स्पर्धा, मग रीजनल आणि सेक्शनल या पात्रता फेऱ्या, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पिओरियाच्या डेटवाइलर पार्कमध्ये स्टेट. शिकागो मॅरेथॉन असते ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे कॉन्फरन्सच्या तोंडावर. तुमच्या सगळ्यात लांब लाँग रन ऑगस्टअखेर ते सप्टेंबरअखेर येतात, आणि त्या प्रत्येक रविवारच्या आदल्या दिवशी तुम्ही पहाटे साडेपाचला बसमध्ये बसून दुपारी दोनपर्यंत उन्हात उभ्या असणार. त्यावर २० मैल करता येतात, नाही असं नाही. पण पाय उभं राहून जड झालेले, पाणी कमी प्यायलेलं, जेवण म्हणजे एक बेगल. अशा चार-पाच रविवारांवर अकरा मिनिटांची सुधारणा उभी राहत नाही.

आणि बॉस्टनसाठी शिकागोच हवी असं काही नाही. ४०-४४ वयोगटातल्या स्त्रियांसाठी सध्याची पात्रता ३:३५ आहे. नोंदणी सप्टेंबरमध्ये होते आणि अर्ज जास्त आले की पात्रतेपेक्षा किती मिनिटं आधी आलात त्यावर निवड होते. २०२५ च्या शर्यतीसाठी ६ मिनिटं ५१ सेकंद आधी यावं लागलं होतं, २०२६ साठी ४ मिनिटं ३४ सेकंद. म्हणजे ३:३० हे लक्ष्य योग्य आहे, पण अगदी काठावरचं. ३:२८ ची तयारी असावी. ही वेळ एप्रिलमध्ये नोंदवली तरी सप्टेंबरच्या नोंदणीला चालते. चॅम्पेन-अर्बानाची इलिनॉय मॅरेथॉन एप्रिलच्या अखेरीस असते, रस्ता सपाट, घरापासून गाडीने काही तासांवर. स्टेटनंतर तिला साधारण चोवीस आठवडे मिळतात. दोन आठवडे विश्रांती, पाच-सहा आठवडे पाया घालायला, सोळा आठवडे नेमका सराव. कोचसाठी याहून सोयीचं वेळापत्रक मिळणं कठीण.

ह्यूस्टनची जानेवारीतली मॅरेथॉनही सपाट आहे, पण स्टेटनंतर जेमतेम दहा आठवडे मिळतात. हंगामात लाँग रन १४ मैलांपर्यंत टिकवली असेल आणि पायाला काही दुखणं नसेल तरच तिचा विचार करा. तुम्ही हिवाळ्याच्या सुट्टीत भारतात जाता असंही लिहिलंय आणि मुंबई मॅरेथॉनचं विचारलंय. ती जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. पहाटे सुरू झाली तरी दमट हवा आणि पेडर रोडचा चढ, आणि शिकागोच्या डिसेंबरच्या थंडीत सराव केलेलं शरीर. तिथे हाफ मॅरेथॉन धावा, सी लिंकवरून धावण्याचा आनंद घ्या, वेळ मागू नका.

हंगामातला आठवडा कसा लावायचा ते आता सांगतो. धोरण असं की ऑगस्ट ते नोव्हेंबर तुम्ही फक्त टिकवून धरायचं: आठवड्याला ३६ ते ४२ मैल, एक कठीण सराव, एक लाँग रन. टीमचे कठीण दिवस सहसा मंगळवार आणि शनिवारची मीट, कधी गुरुवारी थोडं. तुमचा कठीण सराव बुधवारी पहाटे ठेवा. एकूण ७ ते ८ मैल, त्यात ४ वेळा १ मैल ७:५० ने, मध्ये एक मिनिट उभी विश्रांती. वेग ३:३० च्या हिशेबाने नाही, आजच्या ३:४१ च्या हिशेबाने. सहा आठवड्यांनी तोच सराव सहज वाटू लागला तर पाच सेकंद कमी करा. बुधवारी दुपारी जेव्हीबरोबर ३ मैल अगदी सावकाश. सोमवारी त्यांच्याचबरोबर ५. मंगळवारी फक्त वॉर्म-अपचे २ मैल, नंतर स्टॉपवॉच. गुरुवारी ३. शुक्रवारी ४, शेवटी मुलांबरोबर १०० मीटरच्या चार स्ट्राइड्स, म्हणजे छोट्या वेगवान धावा. शनिवारचे ३ पुढे सांगतो. रविवारी १२ ते १४ मैल, त्यातले शेवटचे ३ हवे तर ८:३० ने. बेरीज चाळीसच्या आसपास येते. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी वीस-वीस मिनिटं ताकदीचा व्यायाम: एका पायावरचे स्क्वॉट, पोटऱ्यांसाठी पायरीवर टाच खाली-वर, कमरेचे दोन प्रकार. एवढं पुरतं.

खाण्याची एक गोष्ट हटकून विसरली जाते. सराव सव्वातीनला सुरू होतो, साडेपाचला संपतो, घरी येऊन स्वयंपाक होऊन जेवायला सात-साडेसात. दुपारच्या जेवणापासून सात तासांचा उपास घडतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तुमचा कठीण सराव. अडीचला काहीतरी पोटात घाला, पोळीचा रोल, केळं आणि शेंगदाण्याची चिक्की, काहीही, आणि सराव संपताच मैदानावरच दूध किंवा दही. बुधवारी पहाटे पावणेपाचला उठायचं तर मंगळवारी साडेनऊला दिवे मालवायला हवेत. एखाद्या मंगळवारी मीटवरून रात्री उशिरा आलात तर बुधवारचा सराव सोडून द्या. गुरुवारी सकाळी ढकलू नका, त्याने पुढचा सगळा आठवडा विस्कटतो.

मंगळवारी उभं राहायचं का, यावर बरेच जण वाद घालतात, म्हणून थोडं सविस्तर. समजा सराव आहे ५ वेळा १००० मीटर थ्रेशोल्डला, मध्ये एक मिनिट. १७:०० चा मुलगा ते ३:४७ ने करेल, २२:०० ची मुलगी ४:५२ ने. ४:५२ म्हणजे मैलाला ७:५०. तुमचा थ्रेशोल्ड नेमका तेवढाच! मोह होणार: जेव्हीच्या मुलींबरोबर आपलाही सराव उरकला. तरी तो करू नका, आणि कारणं अशी आहेत.

तुम्ही गटात धावलात की वेग तुम्ही ठरवता. पंधरा वर्षांची मुलगी कोचला पुढे जाऊ देत नाही. तुम्ही ४:५२ ने गेलात तर ती दम लागला तरी चिकटून राहील आणि थ्रेशोल्डचा सराव तिच्यासाठी शर्यत होऊन बसेल. वेग स्वतः ओळखायला शिकणं हेच त्या सरावाचं निम्मं काम असतं, ते तुम्ही तिच्याकडून काढून घेता. दुसरं, धावताना तुम्हाला दोन पाठी दिसतात. बाहेर उभं राहिलं की तिसऱ्या फेरीत कोणाचा डावा खांदा खाली यायला लागला, कोण उजवा पाय वाचवून टाकतंय, कोणाचा चेहरा पांढरा पडलाय, हे दिसतं. दुखापती पकडायच्या त्या याच क्षणी. तिसरं, कोणी पडलं तर तुम्ही ६०० मीटर लांब आणि स्वतः धापा टाकत असता, तर हाताशी फोन आणि प्रथमोपचाराची पेटी हवी. चौथं तुमच्याबद्दल: त्या मुली लवकर ताज्यातवान्या होतात, बेचाळिसाव्या वर्षी दोन-तीन दिवस लागतात.

अपवाद एकच ठेवा. अगदी नवख्यांचा गट पहिल्या मैलात सुसाट सुटतो आणि तिसऱ्यात चालतो. तीन आठवड्यांतून एकदा त्यांच्यापुढे धावून पहिली फेरी आवरून दाखवा. ती एकच फेरी असते, त्यामुळे काही बिघडत नाही.

मीटच्या दिवशी तुम्ही धावणार नाही असं वाटतं, पण धावता. शर्यत सुरू होताच पहिल्या मैलाच्या खुणेकडे, तिथून आडवं कापून दुसऱ्या मैलाकडे, मग शेवटच्या चारशे मीटरकडे, आणि हे मुलं, मुली, जेव्ही, नवखे असं चार-पाच शर्यतींत. अधूनमधून जोरात पळणं, अचानक थांबणं, ओलं गवत, पाठीवर पिशवी. त्याचे ३ मैल मी धरायला सांगितले ते याच कारणाने. घोटा मुरगळतो तो इथेच, म्हणून ट्रेलचे बूट घाला, शनिवारी वेगळं धावू नका.

त्या दिवशीची खरी कामं वेगळी आहेत. शर्यतीच्या तासभर आधी मार्ग पायी दाखवायचा आणि वळणं, चिखल, जिथे रस्ता अरुंद होतो ती जागा दाखवायची. चाळीस मिनिटं आधी वॉर्म-अप. बिब (छातीवरचा नंबर) आणि वेळ मोजणारी चिप नावानिशी तपासायची, कारण दोन मुलांच्या चिपची अदलाबदल झाली की निकाल दुरुस्त करता करता दुपार जाते. कोरड्या गवतावर बुटांना ६ मिलिमीटरचे खिळे, चिखलात ९ ते १२ मिलिमीटरचे. पाना आणि जास्तीचे खिळे तुमच्या पिशवीत हवेत, पिना आणि दोन जास्तीच्या जर्सीही. डेटवाइलरची सुरुवात रुंद मोकळ्या मैदानावर आणि वेगवान आहे. तिथे पहिला मैल दहा-पंधरा सेकंदांनी जास्त जोरात जाणं ही नेहमीची चूक, आणि तिची सवय सप्टेंबरच्या साध्या मीटमध्येच मोडायची असते. पहिल्या मैलाच्या खुणेवर उभं राहून वेळ ओरडून सांगा. 'जोर लावा' हे तिथे सांगायचं नसतं. दोन मैलांनंतर मात्र वेळ सांगू नका, पुढच्या जर्सीचा रंग सांगा.

आता मुलांबद्दल, कारण मॅरेथॉन धावणारी मंडळी कोचिंगला आली की त्यांच्या डोक्यात मॅरेथॉनचे हिशेब असतात. नवव्या इयत्तेतल्या, कधीच न धावलेल्या मुलाला सुरुवातीला आठवड्याला १२ ते १५ मैल खूप झाले. हंगामअखेर २० ते २५. चौथ्या वर्षातला अनुभवी धावपटू ४० ते ५५ पेलतो, पण तिथे पोहोचायला त्याला तीन वर्षं लागलेली असतात. याच वयात उंची झपाट्याने वाढते. हाडं लांबतात, स्नायू मागे राहतात, आणि गुडघ्याखालच्या उंचवट्यावर किंवा टाचेच्या मागे दुखू लागतं, कारण तिथे वाढीच्या भागावर स्नायूबंध ओढत असतात. ते बहुधा धावणं कमी केलं की शमतं. नडगीचं दुखणं वेगळं. नडगीभर पसरलेली ठसठस असेल तर भार कमी करून लक्ष ठेवायचं. बोटाने दाबल्यावर एकाच नाण्याएवढ्या जागी कळ येत असेल, किंवा त्या पायावर लंगडी घालताना दुखत असेल, तर त्याच दिवशी धावणं बंद आणि शाळेच्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरकडे, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या तज्ज्ञाकडे. हाडाला तडा जाण्याच्या वाटेवर असलेल्या पायाला 'कॉन्फरन्स होऊ दे' चालत नाही.

मुलींच्या बाबतीत दोन गोष्टी. सतत थकवा आणि विनाकारण मंदावलेल्या वेळा दिसल्या तर पालकांना डॉक्टरांकडून फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला सांगा. धावणाऱ्या मुलींत लोह कमी असणं अगदी नेहमीचं आहे, आणि शाकाहारी घरांतल्या मुलींकडे जास्त लक्ष हवं. गोळ्या मात्र तपासणीशिवाय नकोत. दुसरं, पाळी तीन महिने चुकली तर ते 'खेळाडूंचं असंच असतं' म्हणून सोडायचं नसतं. ते अन्न कमी पडत असल्याचं लक्षण असू शकतं आणि त्याची किंमत हाडं मोजतात. तुम्ही बाई आहात, मुली तुमच्याशी हे बोलतील, म्हणून तर तुमची टीमला गरज आहे. आणि एक कळकळीची विनंती: आपल्याकडे 'किती बारीक झालीस' किंवा 'जरा भरलीस' हे आपुलकीने बोललं जातं. सरावाच्या मैदानावर कोणाच्याही वजनाबद्दल, कौतुकानेसुद्धा, एक शब्द काढू नका.

उन्हाचा प्रश्न ऑगस्टमध्ये खरा असतो. इलिनॉयची दमट हवा घाम वाळू देत नाही. शरीराला उष्णतेची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, तेव्हा पहिल्या आठवड्यात कठीण सराव नको, आणि जो मुलगा उन्हाळाभर एसीत बसून आलाय त्याला तर नक्कीच नको. धावता धावता कोणी असंबद्ध बोलू लागलं, लडखडलं, कोसळलं तर उष्माघात धरून चाला: आधी थंड पाण्याच्या टबात बुडवून शरीर थंड करायचं, त्याच वेळी दुसऱ्याने ९११ ला फोन करायचा. गाडीत घालून हलवायची घाई करायची नाही. तो टब कुठे आहे, बर्फ कुठे मिळतो, हे सरावाच्या पहिल्याच दिवशी बघून ठेवा. विजा कडाडल्या की सगळे आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण ३० मिनिटं बाहेर यायचं नाही.

रस्त्यावर धावताना मागच्या गटाबरोबर तुम्ही सर्वांत शेवटी राहा. फोन, पट्टी, आणि कोणाला दमा असेल तर त्याचा पंप जवळ. निघताना आणि परतल्यावर डोकी मोजायची. तीनपेक्षा कमी मुलांचा गट नको. कानात काही घालायचं नाही. एका मुलाबरोबर एकटीने धावणं किंवा त्याला एकट्याला गाडीतून सोडणं हे दोन्ही टाळा, हेतू कितीही चांगला असला तरी.

तुमच्या मुलाबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण हे लागेलच. त्याच्या गटाबरोबर तुम्ही धावू नका आणि त्याच्या वेळा तुम्ही घेऊ नका. कोण व्हर्सिटीत, कोण जेव्हीत हा निर्णय त्याच्यापुरता हेड कोचचा. गाडीत बसल्यावर सरावाबद्दल त्याने विषय काढला तरच बोलायचं. चौदाव्या वर्षी स्वतःची आई कोच असणं सोपं नसतं. त्याला निदान टीममध्ये स्वतःची जागा स्वतः मिळवल्याचं समाधान हवं. आधी त्याला विचारा, तो नको म्हणाला तर यंदा नको.

काही गोष्टी मला इथून ठरवता येणार नाहीत. टीम तीस मुलांची आहे आणि तीन कोच आहेत, की नव्वद मुलांची आणि दोनच कोच? दुसऱ्या परिस्थितीत सोमवार-शुक्रवारीही तुमचं धावणं बुडेल, तेव्हा पहाटेच्या दोन रन आणखी लागतील. तुम्हाला आधी कधी हाडाची दुखापत झाली असेल तर बुधवारची दुपारची रन काढून सायकल घ्या. आणि शिकागोची नोंदणी आधीच झाली असेल तर? धावा, पण ४ तासांच्या आसपास, मजेत. सर्वांत लांब रन १७-१८ मैलांची पुरे. हेड कोचना जूनमध्येच सांगा, आणि कॉन्फरन्स त्याच वीकेंडला नाही ना हे बघा. शर्यतीनंतर दोन आठवडे मुलांबरोबर धावणं बंद, फक्त उभं राहणं. नेमक्या त्याच दिवसांत टीमला तुमची सर्वांत जास्त गरज असते, त्यामुळे फिनिशला पाय संपवून येऊ नका.

स्टेटनंतरचं वेळापत्रक ढोबळमानाने असं. दोन आठवडे १५ ते २० मैल, घड्याळाशिवाय. डिसेंबरअखेरपर्यंत परत ४०, सगळं इझी, आठवड्याला एकदा टेकडीवर ४५ सेकंदांचे आठ चढ. भारतात असाल तेव्हा ३० झाले तरी चालतील, प्रवास आणि लग्नकार्यं धरूनच आखा. जानेवारीपासून सोळा आठवडे: मार्चपर्यंत ५० ते ५५, लाँग रन १४ वरून २०-२१ पर्यंत, दर तिसऱ्या रविवारी तीत ८ ते १२ मैल मॅरेथॉन पेसने. तो पेस फेब्रुवारीतल्या एखाद्या हाफवरून ठरवा. हाफ १:४० च्या आसपास आली तर ८:०० धरता येईल, १:४५ आली तर ८:२० वर समाधान मानून पुढच्या वर्षाची वाट बघा. बर्फ साचलेल्या आठवड्यांत थ्रेशोल्ड ट्रेडमिलवर करा. बर्फावर घसरत ७:५० चा हट्ट धरू नका. इलिनॉय प्रेअरी पाथसारख्या वाटांवर गोठलेल्या चिखलात घोटे सांभाळा.

एक धोक्याची सूचना: जानेवारीत ट्रॅकचा हंगाम सुरू होतो आणि हेड कोच हमखास विचारतात, ट्रॅकलाही याल का? यंदा नाही म्हणा. तुमची मॅरेथॉन त्याच महिन्यांत आहे.

आता हेड कोचना हो म्हणण्याआधी एक छोटी ईमेल पाठवा आणि त्यात हे विचारा: आठवड्यातून किती दिवस आणि कोणत्या मीटना यावंच लागेल, हे मानधनाचं काम आहे की स्वयंसेवा, कोणते गट माझे, कठीण सरावाच्या दिवशी मी धावणार नाही हे मान्य आहे ना, पार्श्वभूमी तपासणी, सीपीआर, डोक्याच्या मारासंबंधीचं प्रशिक्षण आणि अत्याचाराची माहिती कळवण्याच्या कायदेशीर जबाबदारीचं प्रशिक्षण कधीपर्यंत पूर्ण करायचं. तपासणीला कधी कधी काही आठवडे लागतात, आणि ती झाल्याशिवाय तुम्हाला मुलांबरोबर मैदानावर उतरता येणार नाही, म्हणून हे मे-जूनमध्येच सुरू करा. उत्तर आलं की इथे टाका, टीमच्या आकारानुसार आठवड्याचे मैल परत बसवून देतो.